खस बदलण्याचे दिवस

मार्च संपता संपता आमच्या तांडापेठेत
कूलर माळ्यावरून उतरतात,
आणि मी ओट्यावर बसते जाळीच्या खिडक्या घेऊन,
जुनी खस उपसते, नवी दाबून भरते, तारेनं शिवते.
एका खिडकीचे चाळीस रुपये.
वास कळतो मला.
नाक नेलं की सांगते
पाणी तीन दिवसांचं की आठ,
टाकीत शेवाळ आहे की मेलेली पाल.
गिऱ्हाईक म्हणतं, घराचा मासळीबाजार झाला न बाप्पा.
मी म्हणते, घासा. ब्लीचिंग टाका. उन्हात ठेवा.

तेच मी माझ्याशी केलं.

धुपणी, म्हणायची आई, आणि पुढचं गिळायची.
पांढरं जातं, म्हणायच्या बाया नळावर,
तेही दुसऱ्या कुणाचं तरी.
माझं पांढरं नव्हतं. राखाडी, पातळ,
आणि वास तोच, जुन्या खसचा,
खेमराज जवळ आला की मागाहून जास्त.
तो काही बोलला नाही.
पण मे महिन्यात त्यानं आपली गादी
कूलरसमोर ओढून नेली, "उकडते न मले,"
आणि मी अंधारात मोजत राहिले
दोन गाद्यांमधल्या फरशा.
साडेतीन.

घासलं मग.
तुरटीचं पाणी, कडुनिंब उकळून,
टीव्हीवरची गुलाबी बाटली, दोनशे दहाची,
जिथवर बोट पोचेल तिथवर.
मेडिकलच्या पोराला म्हटलं, खाजेची गोळी दे.
खाज नव्हतीच.
पण त्यातल्या त्यात तोच शब्द बोलण्याजोगा होता.
आठ दिवस बरं. मग पाळी. मग पुन्हा.
बसमध्ये दाराशी उभी राहू लागले.
नणंदेच्या डोहाळजेवणात ओटी भरायला
पुढे झाले नाही. पाठ दुखते म्हटलं.

डागा दवाखाना, नंबर एकशे बारा.
बागडे मॅडमनी कापसाची काडी फिरवली,
काचेवर पुसली, वर एक थेंब टाकला
आणि हुंगलं.
सरळ हुंगलं, मी खस हुंगते तसं,
तोंड वाकडं न करता.
रडू आलं ते तिथे.

"आतून धुता?"
हो म्हटलं. जरा अभिमानानंच.
"घरी दही लावता न? विरजणाचं भांडं
रोज साबणानं घासलं, तर दही लागेल का?"

आत राहतात म्हणे
दह्यातल्यांच्या नात्यातले काही, आंबट, कामसू.
त्यांच्या आंबटपणापुढे बाकीचे दबून असतात.
मी त्यांनाच हाकललं होतं,
आणि रिकाम्या घरात भलते येऊन बसले होते.
"मग दही लावू का आतून?"
"खा," म्हणाल्या. "आत काहीच नाही. पाणीसुद्धा नाही.
बाहेरून साधं पाणी, बस."
सात दिवस गोळ्या. बरं वाटलं तरी सातही.
तोंडाला लोखंडाची चव.
साखर तपासली. ती ठीक निघाली.
मग पेन थांबवून, "मालकांना घेऊन या.
परत परत येतंय, तर औषध दोघांनी घ्यायचं."

हे सांगायला मला चार दिवस लागले,
तेही मी पाठमोरी, पोळी लाटत.
तो खूप वेळ गप्प.
मग म्हणाला,
"मले वाटे, मीच नकोसा झालो तुले.
तू भिंतीकडे तोंड करून झोपे."

साडेतीन फरशा,
आणि दोन्ही बाजूंनी आम्हीच मोजत होतो.

दिवाळीनंतर एकदा परत आलंच ते.
या वेळी घासलं नाही. सरळ गेले.
आता आठवड्यातून दोनदा जेल आहे,
काही महिने. बघू.

काल एक पोरगी खिडकी घेऊन आली.
दूर उभी राहिली, वाऱ्याच्या उलट बाजूला,
ओढणी पुढे धरून.
ते दूर उभं राहणं मी ओळखते.
म्हटलं, ये न व, इकडे बस.
खस भरायला वेळ आहे अजून.